धाकटीचं पारवं जाकीट

माझ्या धाकट्या जावेबद्दल कोणी दोन शब्द चांगले बोललं की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाईने लपवलं. तिच्याबद्दल सांगायला माझ्याइतकं लायक माणूस मिळायचं नाही, कारण गेली एकोणीस वर्षं मी तिच्याकडे जितकं टक लावून बघितलंय, तितकं तिच्या नवऱ्यानेही बघितलं नसेल.

आमचं घर दुमजली. खाली मी, आमचे हे आणि आमची लेक. वर दीर आणि धाकटी. त्यांना मूलबाळ नाही. जिना एकच, मागचं दार एकच, आणि मागच्या दारापासून जिन्यापर्यंत जाणारा बोळही एकच. बोळाच्या टोकाला पांढरी, कोरी भिंत आहे. संध्याकाळी पाचच्या सुमाराला ऊन मागच्या दारातून सरळ आत येतं आणि दारात उभ्या असलेल्या माणसाची सावली त्या भिंतीवर पडते. ही भिंत लक्षात ठेवा, कारण धाकटीची सगळी अक्कल त्या भिंतीतून आली आहे.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. कोणाच्या चेहऱ्याला कुठली फ्रेम शोभेल हे सांगण्याचा मला पगार मिळतो. रूपाचं म्हणाल तर मी उंच, शेलाटी, नाकीडोळी नीटस. सासूबाई होत्या तोवर आल्यागेल्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, ही आमची थोरली. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा मी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. बुटकी, मान आखूड, खांदे रुंद, कंबर जवळजवळ नाहीच. मी मनात म्हटलं, चला, हिची काही आपल्याला अडचण नाही.

ती एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात कामाला होती, अजूनही आहे. पुढे दुकानात नाही, मागच्या खोलीत. त्या खोलीला खिडकी नाही. दोन मशिनं, एक जड इस्त्री, तीन बाजूंनी दाखवणारा आरसा आणि पाय ठेवायला एक बुटकं स्टूल. पुढे विकला गेलेला कपडा मागे आणायचा आणि तो ज्या माणसाने घेतलाय त्याच्या अंगाला बसवून द्यायचा. पॅन्टची लांबी कमी कर, कंबर आत घे, बाही आखूड कर. दिवसभर लोकांच्या पायाशी बसून तोंडात टाचण्या धरायच्या. मी चारचौघांत सांगताना ‘ती दुकानात असते’ एवढंच सांगायची.

पहिल्या वर्षी आमच्या ह्यांच्या ऑफिसात एक समारंभ होता. धाकटी गुलाबी झगा घालून आली. गळ्याला झालर, बाहीला झालर, कमरेखाली दोन थर झालर. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “अगं, उशीचा अभ्रा घालून आलीस होय?” टेबलावरचे सगळे पोट धरून हसले. तीही हसली. मला वाटलं, घरी जाऊन रडेल. परतताना तिने मला हळूच विचारलं, “ताई, नक्की कुठे उशीसारखं दिसतंय? खांद्यावर की कमरेत?”

मी म्हटलं, “सगळीकडेच.” तिने मान डोलावली. मला वाटलं, बिचारी जरा मंद आहे. तिला खरंच उत्तर हवं होतं हे मला कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

दुसऱ्या दिवशीपासून ती संध्याकाळी पाच वाजता मागच्या दारात उभी राहायला लागली. अंगात तो गुलाबी झगा, आणि नजर समोरच्या भिंतीवरच्या स्वतःच्या सावलीवर. एक दिवस गळ्याची झालर उसवून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी बाहीची. रविवारी कमरेखालचे दोन्ही थर गेले. मी भाजी निवडत बसले होते. विचारलं, “काय चाललंय हे?”

“सावलीला रंग नसतो, ताई. नक्षी नसते, किंमत पण कळत नाही. नुसता आकार दिसतो. तो बरा दिसला की झालं.”

“आणि नाही दिसला तर?”

“तर उसवायचं.”

दीड-दोन वर्षं हिचं हेच. आमचे हे आणि दीर तिची थट्टा करायचे, आज सावलीबाई काय म्हणतात म्हणून विचारायचे. ती हसायची आणि वहीत लिहायची. कामावरून आणलेल्या जाड खाकी कागदाची तिने एक मोठी वही शिवली होती. त्यात स्वतःच्या अंगाची बाह्यरेषा काढायची आणि शेजारी आकडे टाकायची. तिच्या काय काय लक्षात आलं ते ती कोणी विचारलं तरच सांगायची, आणि विचारणारी मी नव्हते. पण ऐकू यायचंच. तिचं म्हणणं असं की आपले खांदे रुंद आहेत ते झाकायचे नाहीत, सगळा कपडा त्यांच्यावरून सरळ खाली सोडायचा. जाकीट कमरेच्या हाडाशी संपवायचं, त्याखाली एक बोटसुद्धा नाही. पॅन्ट सरळ, घोट्याशी थांबलेली. गळा उघडा ठेवायचा म्हणजे मान जागेवर येते. झालं. त्यानंतर आजतागायत तिने दुसरा आकार अंगाला लावलेला नाही. कपडे म्हणाल तर एका हँगरच्या दांडीवर मावतील एवढे.

आणि मग नऊ वर्षांपूर्वी तिने ते पारवं जाकीट शिवलं.

तिच्या दुकानात एका ताग्याचं शेवटचं टोक पडून होतं. लोकरीचं कापड, कबुतराच्या पाठीचा रंग. ते तिने घेतलं आणि आठ रविवार त्यावर बसली. पहिल्यांदा ते घालून जिन्यावरून खाली आली, तेव्हा मी आरशासमोर उभी होते. अंगात माझा नवा, महागाचा, हिरवा झगा. आरशात मला मागून येणारी ती दिसली आणि माझा हात तसाच राहिला. तीच बुटकी बाई, तीच आखूड मान. पण खोलीत कोणी आल्यासारखं वाटलं. आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, “वा, वा.” मला इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही ‘वा’ मिळाला नव्हता, आणि हिला जोडीने दोन.

तेव्हापासून हे सुरू झालं. बाहेर कुठे गेलो की दारातून आधी मी आत जायची, उंच, नटलेली, आणि लोक माझ्या मागे कोण आहे ते बघायचे. माझ्या दुकानातली मालकीणबाईसुद्धा एकदा म्हणाली, “तुमच्या जावेला काय छान बसतं हो सगळं.” मी म्हटलं, “हो ना, स्वतःच शिवते.” आणि दिवसभर गिऱ्हाइकांना नको त्या फ्रेमा दाखवल्या.

मी काही हात बांधून बसले नाही. मी कपडे घेतले. घेत सुटले. माझ्या कपाटाचं दार गुडघ्याने दाबून लावावं लागतं. त्यातला एकही कपडा माझ्या अंगावर धड बसत नाही. घालायचा, आरशात बघायचं, एका बाजूने घसरतोय असं वाटायचं, मग वरून शाल घ्यायची. शिंप्यांना मी यथेच्छ शिव्या दिल्या आहेत. पण खरं कारण मला माहीत होतं. बारा वर्षांची असताना मी शाळेच्या जिन्यावरून पडले, डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं आणि वाकडं जुळलं. माझा डावा खांदा खाली आहे. हे आमच्या ह्यांना ठाऊक आहे आणि मला. बाकी जगासाठी मला शाल आवडते.

म्हणून संध्याकाळी पाचला मी त्या बोळातून जात नाही. कचऱ्याची बादली बाहेर ठेवायची असली तरी सहापर्यंत थांबते.

आता माझ्या लेकीचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडलं. ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. शाळेत तिला शिडी म्हणायचे, आणि घरातही तेच नाव चिकटलं. चौदाव्या वर्षापासून ती पोक काढून चालायला लागली. मी पाठीत धपाटे घातले, ओरडले, काही उपयोग झाला नाही. धाकटीने तिला एकदा पाचच्या उन्हात उभं केलं आणि म्हणाली, “बघ. वाकून उंची कमी होत नाही. नुसता कपडा मागून आखूड होतो.” पोरीने सावलीकडे बघितलं आणि ताठ उभी राहिली. माझ्या धपाट्यांनी जे झालं नाही ते हिच्या एका वाक्याने झालं. मी आनंद मानायला हवा होता. मी आत जाऊन भांडी आपटली.

शिडी गणितात हुशार. तिला शाळेत शिकवायचं होतं. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या, दोन्हीकडून नकार. तिथे पाच माणसं समोर बसवतात आणि फळ्यावर एक धडा शिकवून दाखवायला सांगतात. पोरगी फळ्यावर हात वर करायची की ब्लाउज स्कर्टातून बाहेर यायचा. मग तिने हातच वर नेला नाही. छातीच्या उंचीवर, बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. एका ठिकाणी तिला तोंडावर सांगितलं, तुमच्यात आत्मविश्वास कमी आहे.

तिसरी मुलाखत आली ती घराजवळच्या चांगल्या शाळेची होती. एकच जागा. गुरुवारी अकरा वाजता. मी लगेच बाजारात जाऊन तिच्यासाठी किरमिजी रंगाचा स्कर्ट आणि तसाच ब्लाउज आणला, पुढे छानशी झालर असलेला. पोरीने माझ्या गळ्यात हात टाकले, “छान आहे गं, आई,” म्हणाली आणि तो हँगरला लावून ठेवला. दहा मिनिटांनी ती जिना चढून वर गेल्याचं मला ऐकू आलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोकांचं कौतुक तिने नेलं, ह्यांची वाहवा नेली, ते मी गिळलं. पण माझ्या पोटच्या पोरीला तिच्या आयुष्याच्या मोठ्या दिवशी मी सजवून पाठवायचं की तिने?

वर काय झालं ते मला नंतर कळलं. धाकटीने ट्रंकेतून त्याच पारव्या कापडाचा उरलेला तुकडा काढला. नऊ वर्षं जपून ठेवला होता. म्हणाली, “मी त्या वेळीच अर्धं तुझ्यासाठी ठेवलं होतं. म्हटलं, पोरगी वाढायची थांबली की कापू.”

सोमवारी जाकीट शिवून झालं. धाकटीने शिडीला आमच्या खोलीतल्या भिंतीसमोर उभं केलं. “हात वर कर. लिही. अगदी वरच्या कोपऱ्यापर्यंत जा.” शिडीने बोटाने हवेत लिहिलं. बाही वर गेली, पण जाकीट जागचं हललं नाही. मी शेंगा सोलत सगळं बघत होते. एकच गोष्ट शिडीच्या तोंडून निसटली, “काकू, काखेत जरा घट्ट वाटतंय.”

“वाटेल दोन दिवस. बाही जिथे अंगाला जोडतात ना, तो मुंढा मी मुद्दाम वर घेतलाय. घालून वावर, सवय होईल.”

मी मनात तो शब्द पकडून ठेवला. घट्ट. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा हिच्या हातून काहीतरी चुकलं होतं, आणि तेही माझ्या पोरीच्या अंगावर.

मंगळवारी दुपारी घरात मी एकटी होते. शिडीचं जाकीट तिच्या दारामागे होतं. मी ते मांडीवर घेतलं. शिवणकाम मलाही येतं, पडदे मीच शिवलेत. मी दोन्ही बाह्या उसवल्या, काखेखाली मुंढा दीड बोट खोल कापला, बाह्या ओढूनताणून परत बसवल्या, अस्तर बंद केलं, इस्त्री फिरवली. माझी शिवणाची कात्री सापडेना म्हणून स्वयंपाकघरातली घेतली होती. सगळं मिळून दोन तास लागले. त्या दोन तासांत मी मनातल्या मनात बुधवारचा प्रसंग दहादा रंगवला. शिडी जाकीट घालणार, म्हणणार, अरे, आता कसं मोकळं झालं, आणि मी सहज म्हणणार, मी जरा ठीक केलं गं, तुझ्या काकूने घट्ट ठेवलं होतं. पोरीचं भलं व्हावं असं वाटत होतं की धाकटीचं नाक कापावं असं? खोटं कशाला बोलू. दुसरंच जास्त होतं.

बुधवारी दुपारी तीनला शिडीने सरावासाठी जाकीट घातलं. “आई, आज मोकळं वाटतंय,” म्हणाली. माझ्या ओठांवर वाक्य आलंच होतं, तेवढ्यात तिने भिंतीवर लिहायला हात उचलला आणि हाताबरोबर अख्खं जाकीट वर गेलं. खालची कड बरगड्यांपर्यंत चढली, कॉलर कानाला लागली. तिने हात खाली घेतला, पुन्हा उचलला. पुन्हा तेच. दुसरा हात, तेच. मोठं भोक म्हणजे हाताला जास्त जागा, असं मी समजून चालले होते. काखेखालचं कापड खाली नेलं की हात उचलताना तो सगळ्या जाकिटालाच उचलतो, हे मला काय ठाऊक? ते ठाऊक असणारी बाई वरच्या मजल्यावर राहते, आणि तिला विचारायला माझी जीभ रेटली नसती.

शिडी खुर्चीत बसून रडायला लागली. “पुन्हा तेच होणार. मी उद्या जातच नाही.” मग डोळे पुसून उठली आणि जिन्यातून हाक मारली, “काकू, जरा खाली ये ना.”

धाकटीची बुधवारी अर्धी सुट्टी असते. ती आली. तिने शिडीला हात उचलायला लावला, एकदाच. मग जाकीट उतरवून घेतलं, खिडकीशी गेली, अस्तर उसवलं आणि कापाच्या कडेवरून अंगठा फिरवला. हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी चुलीशी उभी होते, हातात डाव. मला वाटलं, आता ही मान वळवून माझ्याकडे बघेल. तिने बघितलं नाही.

“माझंच चुकलं गं,” ती शिडीला म्हणाली. “घाईत जास्त कापलं गेलं.”

“पण सोमवारी तर नीट होतं.”

“सोमवारी कच्चं होतं. पक्कं करताना चुकलं. तू तोंड धुऊन धडा वाच. आठ वाजायच्या आत आणून देते.”

“कापड उरलंय का?”

“बघते.”

मी तोंड उघडायला हवं होतं. तिथेच, त्या क्षणी, दोन शब्द. ‘मी कापलं.’ माझ्या तोंडातून काय निघालं माहीत आहे? “चहा घेऊन जातेस का?” ती नको म्हणाली आणि वर गेली.

पाच वाजेपर्यंत वरून मशीनचा आवाज आला नाही. मला राहवेना. चहा घेऊन मी जिना चढले आणि दार ढकललं. टेबलावर तिचं स्वतःचं पारवं जाकीट पालथं पसरलेलं होतं. पाठीच्या मधोमध तिने खडूने दोन लांब पट्ट्या आखल्या होत्या. मी कप खाली ठेवेपर्यंत कात्री अर्ध्या पाठीपर्यंत पोचली होती.

“अगं, हे काय करतेस?”

“काखेखालच्या दोन्ही पट्ट्या नव्या घालते. बाकी सगळं शाबूत आहे, बाही पण कापलेली नाही. ट्रंकेत विताएवढाही तुकडा नाही. हे थोडं विटलंय, पण काखेखाली कोण बघतंय.”

“पण तुझं जाकीट?”

“नऊ वर्षं घातलं की, ताई.” आणि तिने दुसरी पट्टी कापायला घेतली.

नऊ वर्षं त्या जाकिटाचा मला हेवा वाटत होता. ते वाळत घातलेलं असताना मी दोनदा त्याच्यासमोर उभी राहून मनात म्हटलं होतं, एकदाचं फाटावं हे. ते माझ्या डोळ्यांसमोर कापलं जात होतं आणि मला त्या खोलीत उभं राहवेना. मी खाली आले आणि भाजी करपवली.

साडेसातला शिडी भिंतीसमोर उभी राहिली. हात वर, डावीकडे, उजवीकडे. जाकीट जागच्या जागी.

गुरुवारी दुपारी पोरगी घरी आली ती धावतच. तिने फळ्याच्या वरच्या कडेपासून लिहायला सुरुवात केली, मागच्या रांगेतून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. धाकटी कामावरून आली तेव्हा तिने एकच विचारलं, “जाकिटाबद्दल कोणी काही बोललं?”

“नाही गं. कोणाचं लक्षही गेलं नसेल.”

“मग बरोबर बसलं.”

आठवड्याने निवड झाल्याचं पत्र आलं. शिडी आधी माझ्या पाया पडली, मग काकूला मिठी मारायला वर धावली. जाता जाता मला म्हणाली, “आई, काकूचा हात कधी चुकत नाही गं. नेमका माझ्याच वेळी कसा चुकला?” मी म्हटलं, “होतं कधीकधी माणसाचं.”

तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर माझा हेवा गेला असेल. कुठला जातोय. धाकटी आता एक जुनं तपकिरी जाकीट घालून कामावर जाते, कोपरांना ठिगळं लावलेलं, आणि खांद्यावरून सरळ खाली असं सुटतं की रस्त्यातले लोक वळून बघतात. माझी मालकीणबाई मला विचारते, “जावेचं ते पारवं जाकीट हल्ली दिसत नाही?” म्हणजे जाकीट नसलं तरी त्याची आठवण निघते. मी तिच्यासमोर रोज शाल सावरत उभी असते, पण मी कधी कोणाला दिसत नाही.

मागच्या रविवारी पाच वाजता मी मागच्या दारात गेले. धाकटी तिथेच स्टुलावर बसून बटणं लावत होती. मी शाल काढली आणि खिळ्याला अडकवली. भिंतीवर माझी सावली पडली. उंच, बारीक, आणि एका बाजूला कललेली. इतक्या वर्षांत मी ती पहिल्यांदा बघितली.

“माझं माप घे,” मी म्हटलं.

ती वर जाऊन खाकी वही घेऊन आली आणि मधलं एक पान उघडलं. वर लिहिलं होतं, ‘ताई’. खाली माझी बाह्यरेषा. छाती, कंबर, बाही, पाठ, सगळे आकडे भरलेले. तिने मला कधी टेप लावला नव्हता, सगळं नजरेने घेतलेलं. तारीख बारा वर्षांपूर्वीची. एकच जागा रिकामी होती. ‘डावा खांदा’.

“हे तेवढं तुमच्या तोंडून यायचं होतं,” ती म्हणाली.

तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि टेप लावला. मान, खांद्याचं टोक. मग दुसरी बाजू.

“पाऊण इंच.”

“एवढंच?”

“एवढंच. आतून पातळसं पॅड घातलं की दोन्ही सारखे.”

आणि मी या पाऊण इंचापायी कपाट भरलं होतं. मी म्हटलं, “धाकटे, ते शिडीचं जाकीट...”

“हात खाली सोडा, ताई. बोललात की खांदा हलतो.”

मी हात खाली सोडले. तिने आकडा लिहिला, टेप गळ्यात अडकवला, टाचण्यांची डबी बंद केली. मग वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, “आणि तुमची ती स्वयंपाकघरातली कात्री तेवढी धार लावून आणा. दर बोटभर अंतरावर कापडाला दात पाडते. कडेला हात लावला की लगेच कळतं.”

मी हो म्हटलं. सोमवारी दुकानात जाताना कात्री पिशवीत घालून नेली आणि कोपऱ्यावरच्या धारवाल्याकडे दिली. तो म्हणाला, “बाई, भाजीच्या कात्रीला इतकी बारीक धार कशाला?” मी म्हटलं, “तुम्ही लावा.” त्या दिवशी खांद्यावर शाल नव्हती.